गेमिंगमुळे मनगट दुखत असल्यास: माऊसवरून ट्रॅकबॉलवर जाण्याचे सविस्तर मार्गदर्शन

माऊस हातात घेऊन तासन्‌तास गेम खेळणाऱ्याच्या मनगटावर एकाच वेळी तीन प्रकारचा ताण येत असतो. तळहात टेबलावर पालथा राहतो, त्यामुळे कोपरापासून खालची दोन हाडे एकमेकांवर पिळलेल्या स्थितीत राहतात. बोटे बटणांवर उचलून धरावी लागत असल्यामुळे मनगट मागच्या बाजूस वाकलेले राहते. आणि पॉइंटर डावीउजवीकडे नेताना तेच मनगट अंगठ्याच्या व करंगळीच्या दिशेने शेकडो वेळा झुकते. ट्रॅकबॉलमध्ये यंत्र जागचे हलत नाही, केवळ त्याच्यातला चेंडू फिरतो. त्यामुळे तिसरा ताण जवळजवळ नाहीसा होतो. दुसरा ताण टेबलाची उंची नीट असेल तरच कमी होतो आणि पहिला केवळ तिरक्या बैठकीच्या ट्रॅकबॉलनेच थोडाफार हलका होतो. एवढे मुळात लक्षात ठेवले, तर या उपकरणाकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये हे आपोआप ठरते.

मनगटावरचे जे काम कमी होते ते हवेत विरून जात नाही, तर अंगठ्याकडे किंवा बोटांकडे जाते. म्हणूनच ‘कोणता ट्रॅकबॉल चांगला’ या प्रश्नाआधी ‘आपले नेमके काय दुखते’ हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि या लेखाचा बराचसा भर त्यावरच आहे.

ट्रॅकबॉल हे काही नवे खूळ नाही, हेही येथे नमूद करायला हवे. ब्रिटिश नौदलासाठी काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये रडारच्या पडद्यासाठी अशी रचना तयार केली होती, कॅनडाच्या नौदलाच्या प्रकल्पात १९५२ च्या सुमारास चक्क बोलिंगचा चेंडू वापरला गेला, आणि १९८० मध्ये आलेला ‘मिसाइल कमांड’ हा आर्केड गेम तर ट्रॅकबॉलवरच खेळला जात असे. गेमिंगशी त्याचे नाते असे जुने आहे.

पहिली पायरी: दुखण्याची जागा ओळखणे

खेळून झाल्यावर दोन्ही हात शांतपणे मांडीवर ठेवावेत आणि दुखणे बोटाने दाखवता येते का ते पाहावे. ‘सगळा हातच दुखतो’ असे बहुतेकांना वाटते, पण दोनतीन दिवस लक्ष ठेवले की जागा स्पष्ट होऊ लागते.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू येथे मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन झोपमोड होत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटाच्या बोगद्यातून जाणारी मीडियन नस दबत असण्याची शक्यता असते. यालाच डॉक्टर कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगट मागे किंवा पुढे वाकले की या बोगद्यातील दाब वाढतो, म्हणून या प्रकारात मनगट सरळ ठेवणे हाच मुख्य उपाय ठरतो. मधुमेह, थायरॉईडचे विकार आणि गरोदरपण यांतही हा त्रास अधिक आढळतो. त्यामुळे सगळा दोष गेमवर टाकून मोकळे होणे बरोबर नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका बधिर होत असेल, तर ती दुसरी नस आहे. ती कोपराच्या आतल्या बाजूने आणि तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्याजवळून जाते. टेबलाच्या धारदार कडेवर किंवा खुर्चीच्या कडक हातावर कोपर टेकवून खेळणाऱ्यांना हा त्रास होतो, आणि त्यांनी टेकण्याची जागा बदलली नाही तर नवा ट्रॅकबॉल घेऊनही त्यांच्या पदरी काही पडणार नाही.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर सर्वांत जास्त सावध राहावे. अंगठा मुठीत दुमडून मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवावे. अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली, तर अंगठ्याच्या कंडरांभोवतीच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांभोवतीच्या) आवरणाला सूज असू शकते. डी क्वेर्वेन या नावाने हा विकार ओळखला जातो. मोबाईलवर दोन्ही अंगठ्यांनी खेळणाऱ्या मुलांमध्ये हे दुखणे आधीच सुरू झालेले असू शकते. अशा व्यक्तीने अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल घेणे म्हणजे दुखऱ्या अवयवालाच जास्तीचे काम देणे होय.

चौथी जागा म्हणजे कोपराखालचा, हाताच्या वरच्या बाजूचा मांसल भाग. बोटे सतत उचलून धरल्याने तो भरून येतो. येथे ट्रॅकबॉलचा उपयोग होतो, पण बोटे बटणांवर सैल ठेवण्याची सवय लागली तरच.

वस्तू हातातून निसटत असतील, अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा बारीक होत असेल, बधिरपणा दिवसभर टिकत असेल किंवा सूज दिसत असेल, तर खरेदीच्या विचारात न पडता आधी डॉक्टरांना दाखवावे. संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे अस्थिरोग विभाग आहेत. त्यासाठी पुण्या-मुंबईला धावण्याची गरज नाही. आपल्याकडे मनगट ‘बसवून’ घेण्यासाठी जाणकाराकडून ओढून, मुरगाळून घेण्याची पद्धत अजूनही आहे. दबलेल्या नसेवर किंवा सुजलेल्या कंडरेवर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच वेदनाशामक गोळी घेऊन रात्रीचा खेळ पुढे चालू ठेवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण थांबण्याची सूचना देणारी वेदनाच त्यामुळे गप्प होते.

दुसरी पायरी: अंगठ्याचा की बोटांचा

ट्रॅकबॉलचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात चेंडू डाव्या कडेला असतो व तो अंगठ्याने फिरवला जातो. बाकीची बोटे नेहमीच्या माऊसप्रमाणेच बटणांवर राहतात. लॉजिटेकचा एर्गो एम५७५ हा या प्रकारातला सर्वांत परिचित ट्रॅकबॉल असून त्याचा चेंडू ३४ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याच कंपनीचा एमएक्स एर्गो २० अंशांपर्यंत तिरका करता येतो, त्यामुळे तळहात पूर्ण पालथा राहत नाही. हे दोन्ही उजव्या हाताचेच आहेत.

दुसऱ्या प्रकारात मोठा चेंडू मध्यभागी असतो आणि तो तर्जनी, मधले बोट व अनामिका यांनी फिरवतात, तर डावे क्लिक अंगठ्याने होते. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माऊसचा चेंडू ५५ मिलिमीटरचा, ऑर्बिटचा ४० मिलिमीटरचा, आणि एलिकॉमच्या ह्यूजचा ५२ मिलिमीटरचा असतो. एक्स्पर्ट आणि ऑर्बिट दोन्ही बाजूंनी सारखे असल्यामुळे डाव्या हातानेही वापरता येतात. मात्र कीबोर्डची डावी बाजू वापरणाऱ्या गेममध्ये डाव्या हाताला ट्रॅकबॉल देणे अडचणीचे होते. पत्ते, बुद्धिबळ किंवा आळीपाळीने खेळायच्या व्यूहरचनेच्या गेमसाठी आणि रोजच्या कामासाठी मात्र हात बदलणे फार उपयोगी पडते.

अंगठ्याचा ट्रॅकबॉल लवकर अंगवळणी पडतो, कारण क्लिक करण्याची सवय बदलावी लागत नाही. बोटांच्या ट्रॅकबॉलमध्ये अचूकता जास्त मिळते, कारण बोटांची टोके बारीक हालचाल अंगठ्यापेक्षा चांगली करतात आणि जड चेंडू एका झटक्यात दूरपर्यंत फिरत जातो. अंगठा पूर्ण निरोगी असेल, दुखणे मनगटाच्या मध्यभागी असेल आणि खेळ बहुतांशी व्यूहरचनेचे असतील, तर एम५७५ पासून सुरुवात करावी. अंगठा जरा जरी कुरकुरत असेल, किंवा नेमबाजीचे गेम सोडायचेच नसतील, तर थोडे अधिक पैसे साठवून बोटांचा ट्रॅकबॉल घ्यावा. मोठ्या ट्रॅकबॉलची उंची जास्त असते व तिच्यामुळे मनगट मागे वाकते, हे विसरू नये. तळहाताखाली टेकू दिलेला नसेल, तर एक ताण घालवून दुसरा विकत घेतल्यासारखे होईल.

मराठवाड्यातल्या बहुतेक संगणकाच्या दुकानांत ट्रॅकबॉल हाताळायला मिळत नाही आणि तो मागवावाच लागतो. म्हणून ऑनलाइन मागवताना परत करण्याची अट आधी वाचावी, कारण ती मुदत बहुधा आठ-दहा दिवसांचीच असते आणि काही ठिकाणी केवळ बदलूनच मिळते. खोके, पिशव्या व पावती नीट ठेवावी. जुना ट्रॅकबॉल स्वस्तात मिळाला, तर चेंडू काढून ज्या तीन लहान टेकूंवर तो फिरतो ते झिजले आहेत का हे पाहावे आणि प्रत्येक बटण बराच वेळ दाबून, एका दाबात दोन क्लिक होत नाहीत ना याची खात्री करावी.

तिसरी पायरी: टेबल, खुर्ची आणि हात

ट्रॅकबॉल आल्या आल्या जुन्या माऊसच्या जागी ठेवून दिला, तर निम्मा फायदा वाया जातो. आपल्याकडचे अभ्यासाचे किंवा जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते आणि समोर प्लॅस्टिकची खुर्ची असते. मध्यम उंचीच्या माणसालाही हे टेबल उंच पडते. मग खांदे वर ओढले जातात, कोपर खाली राहते आणि मनगट मागे मोडते. नवी खुर्ची परवडत नसेल तर बसायला घट्ट घडी घातलेली सतरंजी किंवा गादी घ्यावी आणि पाय अधांतरी राहिल्यास खाली पाट ठेवावा. कोपर टेबलाच्या पातळीत किंवा किंचित वर आले की मनगट आपोआप सरळ होते. सुताराकडून टेबलाखाली सरकता फळा बसवून घेणे हा त्याहूनही चांगला उपाय आहे, फक्त तो कीबोर्ड आणि ट्रॅकबॉल दोन्ही मावतील एवढा रुंद असावा.

ट्रॅकबॉलला सपाट, मोकळी जागा लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. वसतिगृहाच्या खोलीत बाजेवर बसून लॅपटॉपवर खेळणाऱ्याला तो मांडीवरच्या फळीवर किंवा शेजारी ठेवलेल्या जाड वहीवर ठेवता येतो, आणि दंड शरीराजवळ राहतो. टेबलावर खेळणाऱ्यांनी मात्र कीबोर्ड डावीकडे सरकवावा. उजवीकडचे आकड्यांचे बटणपट्टे गेममध्ये क्वचितच लागतात, पण त्यांच्यामुळे उजवा हात एक वीतभर बाहेर जातो आणि खांदा भरून येतो. आकडेपट्टी नसलेला लहान कीबोर्ड मिळाल्यास उत्तम.

हात टेकवायचा तो तळहाताच्या मांसल भागावर. मनगटाच्या आतल्या, मऊ बाजूवर नव्हे. जेलच्या पट्टीवर नेमके मनगटच रुतवून बसणारे अनेक जण आढळतात, आणि त्या पट्टीचा दाब थेट नसेच्या बोगद्यावर पडत असतो. चेंडूही चिमटीत धरल्यासारखा आवळू नये. अंगठ्याचे किंवा बोटाचे टोक त्याच्यावर अलगद टेकलेले असावे, इतके की खेळ थांबताच चेंडू आपल्या वजनाने स्थिर राहील.

चौथी पायरी: सेटिंग

विंडोजमध्ये सेटिंग्जमधील ब्लूटूथ व डिव्हायसेस या विभागात माऊसचे पान उघडावे. पॉइंटरचा वेग मधल्या खुणेवर ठेवून बाकीचा फरक ट्रॅकबॉलच्या डीपीआयने (चेंडूचा पृष्ठभाग एक इंच सरकला की सेन्सर जितके ठिपके मोजतो त्या संख्येने) करावा. त्याच ठिकाणी पॉइंटरची अचूकता वाढवण्याचा जो पर्याय असतो, तो चेंडू हळू फिरवल्यास पॉइंटरला कमी आणि झटक्याने फिरवल्यास जास्त अंतर देतो. लहान चेंडूवर रोजचे काम करताना तो चालू असणे सोयीचे असते; नेमबाजीच्या गेममध्ये मात्र तो बंद ठेवावा, किंवा गेममध्ये ‘रॉ इनपुट’ चालू करावे, म्हणजे विंडोजचा हिशेब मध्ये येत नाही.

आता सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे चेंडूच्या हालचालीमागे गेममधली नजर किती वळते याचा हिशेब. माऊसवरची जुनी संख्या ट्रॅकबॉलवर चालत नाही, कारण माऊस वीतभर सरकवता येतो, पण ३४ मिलिमीटर चेंडूचा परीघच सुमारे १०७ मिलिमीटर आहे आणि अंगठ्याच्या एका आरामशीर हालचालीत त्याचा जेमतेम एक इंच पृष्ठभाग सरकतो. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना सेन्सरने मोजलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे नजर ०.०२२ अंश वळते. म्हणजे १६०० डीपीआयवर एक इंचात साधारण ३५ अंशच वळता येते. एका हालचालीत ९० अंश वळायचे असेल तर सेन्सिटिव्हिटी २.५ च्या आसपास न्यावी लागेल. व्हॅलोरंट या तशाच दुसऱ्या गेममध्ये एका ठिपक्याला ०.०७ अंशांचा हिशेब असल्याने तीच गती ०.७९ वर मिळते. हा आकडा सुरुवातीपुरता समजावा. लक्ष्याच्या पुढे वारंवार जात असाल तर थोडा कमी करावा. वळताना अंगठा दोनदोनदा उचलावा लागत असेल तर वाढवावा. पण रोज बदलू नये, एक आकडा निदान आठवडाभर तसाच राहू द्यावा, नाहीतर हाताला काहीच शिकता येत नाही.

बटणांची मांडणी हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि माझ्या मते वेदनेच्या दृष्टीने तो सेन्सिटिव्हिटीपेक्षाही महत्त्वाचा आहे. नेम धरण्यासाठी उजवे बटण दाबून ठेवावे लागते, तेथे एकदा दाबून चालू व पुन्हा दाबून बंद असा पर्याय निवडावा. सहकाऱ्यांशी बोलण्याचे बटण कीबोर्डवर न्यावे. बोटांच्या ट्रॅकबॉलवर अंगठ्याने क्लिक दाबून ठेवत चेंडू फिरवणे सुरुवातीला फार अवघड जाते, म्हणून व्यूहरचनेच्या गेममध्ये सैन्याभोवती चौकट ओढण्याऐवजी कीबोर्डवर गटांचे क्रमांक बांधून ठेवावेत. जे काम डावा हात करू शकतो ते उजव्याकडून काढून घ्यावे.

बिनतारी ट्रॅकबॉल गेमसाठी वापरताना ब्लूटूथऐवजी सोबतचा डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) वापरावा. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टला, तिथे जोडलेल्या हार्डडिस्कच्या अगदी शेजारी लावला, तर पॉइंटर अडखळू शकतो. तेव्हा लहान एक्स्टेंशन वायर लावून तो पुढे आणावा. कार्यालयीन वापराचे ट्रॅकबॉल सेकंदाला साधारण १२५ वेळा आपली स्थिती कळवतात, तर गेमिंग माऊस १००० वेळा. अत्यंत वेगवान स्पर्धात्मक खेळात हा फरक जाणवतो, इतरत्र सहसा नाही.

पाचवी पायरी: हाताला वळण लावणे

थेट रँक (क्रमवारी ठरवणाऱ्या) सामन्यात नव्या उपकरणाने उतरू नये. हार होतेच, शिवाय चिडून हात आवळला जातो व दुखणे वाढते. आधी ब्राउझर, फाइली, अभ्यास यांसाठी ट्रॅकबॉल वापरावा. त्यानंतर शेती, शहरबांधणी, व्यूहरचना अशा सावकाश गेमकडे यावे. मग नेमबाजीच्या गेममध्ये सरावाच्या मैदानात किंवा संगणकाने चालवलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध खेळावे आणि शेवटी खऱ्या सामन्यांकडे वळावे. या मधल्या काळात जुना माऊस पूर्ण बंद करायलाच हवा असे नाही. दुखणे सौम्य असेल तर दिवसातील एखादा सामना त्याच्यावर खेळायला हरकत नाही.

सरावात दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकाव्यात. दूर वळण्यासाठी चेंडूला टोला देऊन मोकळा फिरू द्यायचा आणि बोट टेकवून हवा तेथे थांबवायचा. जवळच्या नेमासाठी बोटाचे टोक न उचलता केवळ किंचित लोळवायचे. पहिल्या गोष्टीत ट्रॅकबॉल आश्चर्यकारक वेगवान आहे. हलत्या लक्ष्याचा सलग माग काढण्यातही तो चांगला आहे. झटक्यात वळून अचूक थांबणे मात्र माऊसइतके येत नाही, आणि वरच्या पातळीवर स्पर्धा खेळणाऱ्याने हे आधीच मान्य केलेले बरे.

सुरुवातीच्या दिवसांत अंगठा किंवा बोटे थकणे स्वाभाविक आहे. थकवा बोथट असतो आणि सकाळपर्यंत ओसरतो. टोचणारी कळ, सकाळीही टिकलेले दुखणे किंवा नव्या जागी आलेल्या मुंग्या हा थकवा नव्हे, तेव्हा थांबावे. रोज झोपण्यापूर्वी कोणते बोट, किती वेळ खेळल्यानंतर, कोणत्या गेममध्ये, एवढी नोंद एका ओळीत करून ठेवली तर पुढे डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो. अर्ध्या तासाने हात खाली सोडून बोटे उघडझाप करावी. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही ही सबब खरी असली, तरी व्हॅलोरंटमध्ये प्रत्येक फेरीआधी खरेदीसाठी सुमारे ३० सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात हात उपकरणावरून काढता येतो.

सहावी पायरी: सफाई

ट्रॅकबॉल अडखळू लागला की हात नकळत जोर लावतो, म्हणून सफाई हा वेदनेचाच विषय आहे. चेंडू तीन लहान टेकूंवर फिरतो आणि घाम, त्वचेचे तेल व धूळ यांचा थर नेमका त्या टेकूंवर साचतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हाताला घाम असतो आणि उघड्या खिडकीतून धुळीचा लोट येतच असतो. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी चेंडू काढावा. एम५७५ मध्ये खालच्या छिद्रातून पेन्सिलीने चेंडू वर ढकलता येतो. केन्सिंग्टनच्या मोठ्या ट्रॅकबॉलमध्ये तो हातानेच उचलता येतो. काढलेला चेंडू वाटीत ठेवावा, नाहीतर तो बाजेखाली जाऊन बसतो. टेकू कापसाच्या काडीने किंवा नखाने अलगद साफ करावेत आणि सेन्सरची काच कोरड्या काडीने पुसावी. चेंडू साबणाच्या पाण्याने धुतला तर लगेच कोरड्या फडक्याने पुसावा, कारण बोअरच्या जड पाण्याचा थेंब वाळला की त्याचा पांढरा डाग राहतो. शिलाई मशीनचे तेल किंवा खोबरेल टेकूंना लावू नये. त्यावर धूळ आणखी चिकटते. धुतलेला चेंडू सुरुवातीला किंचित घट्ट फिरतो. तळहातांमध्ये थोडा वेळ घोळवला की त्वचेचे नैसर्गिक तेल त्याला पुरते.

परत करण्याची मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी नोंदी काढून बसावे. मनगटातील मुंग्या कमी झाल्या असतील आणि अंगठा-बोटे केवळ थकत असतील, तर ट्रॅकबॉल ठेवावा. अंगठ्याच्या मुळाशी नवी कळ सुरू झाली असेल, तर तो परत करून बोटांचा घ्यावा. आणि टेबल, बैठक व खेळाचा वेळ सुधारूनही रात्रीचा बधिरपणा तसाच असेल, तर दुसऱ्या उपकरणाचा शोध थांबवून डॉक्टरांकडे जावे. नस किती दबली आहे हे नसेतून संदेश कसा जातो ते पाहणाऱ्या तपासणीतून (नर्व्ह कंडक्शन टेस्ट) कळू शकते, आणि रात्री मनगट सरळ धरून ठेवणारी पट्टी लावायची की आणखी काही करायचे, हे त्यावरून ठरते.